शेतसारा आणि अणुबॉम्ब

२१ मे १८५३ रोजी हैदराबादेत एक तह झाला आणि वऱ्हाडातल्या गावांचा शेतसारा एका फौजेच्या पगाराला लावून देण्यात आला. मेहकर, डोणगाव, लोणार, सिंदखेड हा सगळा मुलूख त्यात आला. तह करणारे दोघे होते, हैदराबादचे निजाम नासिरुद्दौला आणि ईस्ट इंडिया कंपनी. फौजेचं नाव हैदराबाद कंटिंजंट. ती निजामाच्या नावाने उभी होती, तिचे अधिकारी इंग्रज होते आणि खर्च रयतेच्या पिकातून निघायचा. नांगरट उरकून मृगाची वाट पाहणाऱ्या गावांना कोणी काही विचारलं नाही. तशी रीतच नव्हती.

युद्ध नैतिक की अनैतिक, ही चर्चा जगभर मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरते. लढण्याचं कारण न्याय्य होतं का, आणि लढताना मर्यादा पाळली का? यातला दुसरा प्रश्न महाराष्ट्राला चांगला परिचयाचा आहे. मे १६७३ मध्ये चिपळूणजवळ हलवर्ण इथे छावणीला असलेल्या आपल्याच लष्कराला शिवाजी महाराजांनी पत्र लिहून बजावलं होतं की, दाणा, वैरण, लाकूड, भाजी काहीही कुणब्यांकडून ओढून घेऊ नका. घेतलंत तर लोकांना मोगल बरे वाटतील. शत्रूशी कसं लढावं याआधी आपल्या फौजेने आपल्या रयतेशी कसं वागावं, याची काळजी त्या पत्रात आहे.

पण एक तिसराही प्रश्न आहे आणि तो नेहमी मागे पडतो. ज्यांच्या पैशावर आणि जिवावर लढाई उभी राहते त्यांची संमती घेतली होती का? दोन देशांच्या मैत्रीच्या करारांच्या बाबतीत तर तो जवळपास विचारलाच जात नाही. करार झाला की हस्तांदोलनाचा फोटो छापून येतो आणि विषय तिथेच संपतो. बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासाचा मोठा भाग मात्र अशाच करारांनी घडवला आहे, म्हणून हा प्रश्न इथून विचारणं योग्य आहे.

मेहकरच्या पलीकडे, सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्क आणि दिल्लीच्या बादशहाचा सरदार मुबारिजखान यांच्यात लढाई झाली. पहिल्या बाजीरावाची मराठी फौज निजामाच्या बाजूने उभी होती. मुबारिजखान पडला आणि दख्खनेत निजामाची स्वतंत्र सत्ता खऱ्या अर्थाने सुरू झाली ती या विजयाने. मराठे आणि निजाम यांची ही दोस्ती चार वर्षंही टिकली नाही. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला त्याच बाजीरावाने त्याच निजामाला कोंडीत पकडलं. वऱ्हाडाच्या वाट्याला आली ती दोअमली. एकाच गावातून निजामाचा अंमलदारही वसूल नेणार आणि नागपूरकर भोसल्यांचाही. तह मोडो वा टिको, वसुली दोन्हीकडून सुरूच राहिली.

पुढे तैनाती फौज आली. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा इंग्रजांनी त्याला मदत नाकारली होती. तरी १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांशीच करार केला, पदरची फ्रेंच पलटण मोडली आणि कंपनीची फौज घरात घेतली. १८०० च्या तहात तिच्या खर्चापोटी बळ्ळारी, कडप्पा असे जिल्हे देऊन टाकले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला तसाच तह केला आणि २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. लगेच पुढच्या वर्षी इंग्रजांचं शिंदे आणि भोसले यांच्याशी युद्ध पेटलं. सप्टेंबरात जालना जिल्ह्यातलं असई, नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातलं आडगाव, डिसेंबरात मेळघाटातला गाविलगड. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं आणि इंग्रजांचा मित्र म्हणून निजामाला मिळालं. या मैत्रीत फौज मित्राची होती, तिच्यावर हुकूमही मित्राचा चालायचा आणि खर्च मात्र घरधन्याने सोसायचा.

कंटिंजंट ही त्यावरचीही पायरी. हैदराबादेतला कंपनीचा रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात उभी राहिलेली ही फौज तैनाती फौजेपेक्षा वेगळी, जास्तीची होती. निजामाचा खजिना रिता पडू लागला तसा पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढून सैनिकांचे पगार भागवले गेले. थकबाकी वाढत गेली आणि मग गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने मुलूख मागितला. शांततेच्या काळात ही फौज पोसायला निजाम जुन्या तहाने बांधलेला नाही, हे खुद्द डलहौसीने आपल्या टिपणात मान्य केलं होतं. तरीही वर्षाला ५० लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश तिच्यासाठी लावून घेतला गेला. वऱ्हाडाबरोबर रायचूरचा दुआब आणि धाराशिवकडचा भागही त्यात गेला.

त्या पैशाचं काय झालं? १८५८ मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या सैन्याबरोबर झाशी आणि काल्पीच्या मोहिमेत हैदराबाद कंटिंजंटही होती. म्हणजे मेहकर तालुक्यातल्या शेतकऱ्याने भरलेला सारा राणी लक्ष्मीबाईविरुद्ध लढणाऱ्या फौजेच्या पगाराला गेला. त्या शेतकऱ्याचं झाशीशी वैर नव्हतं. हैदराबादशी त्याची मैत्री नव्हती. कलकत्त्याच्या इंग्रज सरकारशी त्याचा करारही नव्हता.

१८६० च्या नव्या तहात रायचूर आणि धाराशिव परत गेले, पण वऱ्हाड इंग्रजांनी विश्वस्त म्हणून आपल्याकडे ठेवलं. कारभाराचा खर्च वजा जाता उरेल ती रक्कम निजामाला द्यायची असं ठरलं. निजामाचा दिवाण सालारजंग याने मुलूख परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली, १८७६ मध्ये तो विलायतेलाही जाऊन आला, पण उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडलं. इंग्रजी अमदानीत इथे रेल्वे आली, खामगावचा कापूसबाजार वाढला, जमिनीची मोजणी झाली. काही शेतकऱ्यांचं भलंही झालं. तरीही एखादा मुलूख दोन मित्रांच्या हिशेबातली रक्कम होऊन पन्नास वर्षं या वहीतून त्या वहीत जातो, यातला अन्याय रेल्वेने भरून निघत नाही.

याचं पुढचं प्रकरणही विदर्भातच घडलं, आणि ते जास्त मोलाचं आहे, कारण इथे माणसांनी उलट विचारलं. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो याने हिंदुस्थान जर्मनीविरुद्ध युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. निवडून आलेल्या एकाही प्रतिनिधीला त्याने विचारलं नव्हतं. काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्याला जमली आणि १४ सप्टेंबरला तिने ठराव केला. त्यात नाझी आणि फॅसिस्ट राजवटींचा स्पष्ट निषेध होता. आणि त्याचबरोबर, हिंदुस्थानने युद्ध करायचं की नाही हे हिंदुस्थानच्या लोकांनी ठरवायचं, असंही बजावलं होतं. कारण न्याय्य असलं तरी संमतीशिवाय युद्ध लादणं मान्य नाही, ही भूमिका घेणं सोपं नव्हतं. हिटलरला मदत करता का, असा आरोप होण्याची भीती होती आणि तो झालाही. नोव्हेंबरात मध्य प्रांत व वऱ्हाडाचं काँग्रेस मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलं.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात केली. माणसं देऊन किंवा पैसा देऊन या युद्धाला मदत करणं चूक आहे, एवढंच सांगायचं आणि अटक करून घ्यायची. माणसं आणि पैसा या दोन शब्दांमागे वऱ्हाडचा शंभर वर्षांचा अनुभव उभा होता.

१४ जुलै १९४२ चा वर्ध्याचा ठराव 'छोडो भारत'ची पूर्वतयारी म्हणून लक्षात राहिला आहे. त्यातला एक भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. स्वतंत्र हिंदुस्थानात जपानी आक्रमण रोखण्यासाठी आणि चीनला मदत म्हणून दोस्तांच्या फौजा ठेवायला काँग्रेसची तयारी होती. गांधीजींनीही ते मान्य केलं होतं. अहिंसेचं व्रत घेतलेल्या माणसाला ही तडजोड किती जड गेली असेल! पण फौज परकी आहे एवढ्यावर त्यांचा आक्षेप संपत नव्हता. स्वतंत्र देशाने आपणहून केलेल्या कराराने ती आली तर गोष्ट वेगळी, हे त्यांनी ओळखलं होतं.

त्याच युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक लढले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत कोकणातल्या यशवंत घाडगे यांनी मशिनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल करून प्राण दिले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं शौर्य कोणत्याही ठरावाने कमी होत नाही. प्रश्न शिपायाला विचारायचा नसतोच. तो पाठवणाऱ्याला विचारायचा असतो. युद्ध संपल्यावर जपानचा ताबा घेणाऱ्या राष्ट्रकुलाच्या फौजेत ब्रिगेडियर थिमय्या यांच्या हाताखाली मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटणही होती. त्या फौजेचा एक मोठा तळ हिरोशिमा प्रांतातल्या कुरे बंदरात होता. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांची मुलं अणुबॉम्बनंतरच्या जपानात पहारा देत होती.

हिरोशिमावर बॉम्ब टाकण्याचा निर्णय अमेरिकेचा, असं सगळेच म्हणतात. त्यामागे एक मैत्रीचा करारही होता. ऑगस्ट १९४३ मध्ये क्वेबेक इथे रुझवेल्ट आणि चर्चिल यांनी ठरवलं होतं की, हे अस्त्र तिसऱ्या कोणाविरुद्ध वापरायचं तर एकमेकांची संमती घ्यायची. त्याप्रमाणे ४ जुलै १९४५ रोजी वॉशिंग्टनच्या बैठकीत ब्रिटनने रीतसर संमती दिली. ब्रिटनमध्ये दुसऱ्याच दिवशी, ५ जुलैला, सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान होतं. मतदारांना याचा पत्ता नव्हता. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी; वर्ष संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसं मेली. मित्राने मित्राला विचारलं होतं आणि विचारणं तिथेच थांबलं होतं.

जपानच्या भूमीवर चढाई करावी लागली असती तर याहून जास्त माणसं मेली असती, असा बचाव गेली ऐंशी वर्षं केला जातो. तो उडवून लावण्याजोगा नाही. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात जपानी सैन्याने केलेले अत्याचारही विसरता येत नाहीत. पण शाळेत निघालेल्या मुलाच्या जिवाचा हिशेब शिपायाच्या जिवाशी घालायचा अधिकार कोणाला आहे, याचं उत्तर त्या बचावात सापडत नाही.

अणुबॉम्बने संमतीचा तिसरा प्रश्न कुठल्या कुठे नेला, हे १ मार्च १९५४ ला दिसलं. अमेरिकेने बिकिनी बेटावर १५ मेगाटनचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. हिरोशिमाच्या बॉम्बपेक्षा तो सुमारे हजारपट मोठा होता. राख शेजारच्या राँगेलॅप बेटावरच्या लोकांवर पडली आणि फुकुर्यू मारू या जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली. बोटीचा रेडिओचालक आइकिची कुबोयामा त्याच सप्टेंबरात मरण पावला. ही सगळी मार्शल बेटं तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या वतीने अमेरिकेकडे विश्वस्त म्हणून सोपवलेली होती, जसं १८६० नंतर वऱ्हाड इंग्रजांकडे होतं. पंडित नेहरूंनी २ एप्रिलला लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. असं जाहीरपणे मागणाऱ्या पहिल्या राष्ट्रनेत्यांत ते होते.

आज जगात सुमारे १२ हजार अण्वस्त्रं आहेत. २०२२ मध्ये 'नेचर फूड' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार भारत आणि पाकिस्तान यांच्यात अणुयुद्ध झालं तर उठणाऱ्या काजळीने जगभर तापमान आणि पीक घटून दोन अब्जांहून अधिक माणसं भुकेने मरू शकतील. ती कुठल्या देशांची असतील? बहुतेकांचा या भांडणाशी काडीचाही संबंध नसेल. आपल्याकडे सोयाबीन आणि तुरीचं वर्ष एका पावसाच्या खंडाने जातं, हे डोणगावच्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायला नको.

अणुछत्राखालची मैत्री तैनाती फौजेची आठवण करून देते. बेल्जियम, जर्मनी, इटली, नेदरलँड्स आणि तुर्कस्तानात अमेरिकेचे अणुबॉम्ब ठेवलेले असल्याचं मानलं जातं. जागा त्यांची, पण ते वापरायचे की नाही हे वॉशिंग्टन ठरवणार. फरक मोठा आहे आणि तो सांगायलाच हवा. या देशांत निवडणुका होतात आणि लोक नको म्हणू शकतात. न्यूझीलंडने १९८४ मध्ये सरकार बदललं, अण्वस्त्रवाहू जहाजांना बंदरं बंद केली आणि १९८७ मध्ये तसा कायदा केला. अमेरिकेने संरक्षणाची हमी काढून घेतली तरी लोक मागे हटले नाहीत. फिलिपिन्सच्या सिनेटने सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिकी तळांचा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. तिथे विचारलं गेलं.

याच्या विरुद्ध बाजूला युक्रेन आहे. डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्टला रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा मान राखण्याचं आश्वासन दिलं आणि युक्रेनने आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं देऊन टाकली. २०१४ मध्ये क्रिमिया गेला, २०२२ मध्ये सरळ आक्रमण झालं. छत्र नको म्हणणाऱ्याने भिजायचं का, हा युक्रेनचा सवाल खरा आहे. नीतीची बाजू मांडणाऱ्याने तो टाळू नये.

आणि भारत? ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. डिसेंबरात अमेरिकेची 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे आली तेव्हा त्या कराराचा आधार वाटला, आणि बांगलादेशच्या लोकांची कत्तल थांबवणारं ते युद्ध गेल्या शतकातल्या सर्वांत न्याय्य युद्धांपैकी एक होतं. पण मैत्रीचा मोबदला नेहमी पैशातच मोजला जात नाही. १९६८ मध्ये प्राग शहरात सोव्हिएत रणगाडे शिरले, तेव्हा सुरक्षा परिषदेत भारत तटस्थ राहिला. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या प्रश्नावर आमसभेत १४१ देशांनी रशियाचा निषेध केला, तेव्हाही भारत तटस्थ होता. शस्त्रं आणि तेल जिथून येतं त्याच्याविरुद्ध बोलणं कठीण जातं. हे गप्प राहणं व्यवहार म्हणून समजू शकतं, पण ज्या देशात १९३९ मध्ये वर्ध्याला तो ठराव झाला त्याच्या तोंडी ते शोभत नाही.

मुंबईतल्या ट्रॉम्बेची गोष्टही याच हिशेबातली. कॅनडाने दिलेली आणि अमेरिकेच्या जड पाण्यावर चाललेली सायरस अणुभट्टी १९६० मध्ये सुरू झाली. वापर शांततेसाठी, असं आश्वासन होतं. १८ मे १९७४ च्या पोखरणच्या स्फोटातलं प्लुटोनियम त्याच भट्टीतलं होतं. सरकारने त्याला शांततामय स्फोट म्हटलं; कॅनडाने सहकार्य तोडलं. पुढे १९९७ मध्ये अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांनी तो बॉम्बच होता, हे सांगून टाकलं. चीनने १९६४ मध्येच स्फोट केल्यामुळे भारताला भीती वाटणं स्वाभाविक होतं. तरी दिलेला शब्द असा वळवून घेतला की पुढच्या शब्दाची किंमत उतरते.

१९९५ मध्ये भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला लेखी कळवलं की अण्वस्त्रांचा वापर बेकायदा आहे. न्यायालयाने जुलै १९९६ मध्ये तो सर्वसाधारणपणे कायद्याविरुद्ध ठरवला, मात्र देशाचं अस्तित्वच धोक्यात असेल तर काय, यावर निर्णय देता येत नाही असं म्हटलं. दोन वर्षांनी, मे १९९८ मध्ये, भारताने पोखरणला पाच चाचण्या केल्या. ४ जानेवारी २००३ रोजी सरकारने अण्वस्त्र धोरण जाहीर केलं. त्यात पहिला वापर न करण्याचं वचन आहे. अण्वस्त्रधारी देशांत असं बंधन चीन सोडला तर कोणी घातलेलं नाही. ते टिकवणं हे कोणत्याही सरकारचं कर्तव्य आहे. त्याच धोरणात प्रत्युत्तराचा हल्ला प्रचंड असेल, असंही आहे. तो होईल तेव्हा मरणारे लोक लाहोर आणि कराचीच्या गल्ल्यांतले असतील, आणि त्यांनाही कोणी विचारलेलं नसेल.

निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे, हे २००८ मध्ये स्पष्ट दिसलं. भारत-अमेरिका अणुकरारावर अमेरिकेच्या काँग्रेसने रीतसर मतदान करून मंजुरी दिली. भारतात तशा मंजुरीची घटनेत तरतूदच नाही. परराष्ट्रांशी करार करणं हे सरकारचं काम मानलं जातं. २२ जुलैला लोकसभेत झालेलं मतदान विश्वासदर्शक ठरावाचं होतं, ते सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकलं. करार स्वतः मताला टाकला गेला नाही. त्याच समझोत्याचा भाग म्हणून सायरस भट्टी २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली.

घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्येच सुचवलं होतं की, परराष्ट्रांशी करार करण्याच्या सरकारच्या अधिकाराबद्दल संसदेने कायदा करावा. बुलढाण्याचा खासदार त्याच संसदेत बसतो. दोन दशकं उलटून गेली, तो कायदा झालेला नाही.